माळ्यावर सापडलेला शेअर दाखला आणि वसंतदादा

कृष्णाकाठचा_गडी (धागाकर्ता)
राम राम मंडळी. २०१९ च्या पुरात आमचं खालचं घर छपराला टेकलं होतं तेव्हा जे हाताला लागंल ते पोत्यात कोंबून माळ्यावर टाकलेलं, त्यातलं एक पोतं परवा उघडलं. आत आजोबांची पत्र्याची पेटी. पेटीत खताच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, एक अडकित्ता आणि सगळ्यात तळाला घडी घातलेला सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर दाखला. कडा कुजल्यात, शाई पसरलीय, घडी उलगडताना मधोमध चीर गेली पण आजोबांचं नाव अजून वाचता येतंय. शेअरची रक्कम बघून हसूच आलं, आज तेवढ्यात दोघांचा चहा पण येणार नाही.
दोन प्रश्न आहेत. एक, याचा आता काही उपयोग असतो का, वारस नोंद वगैरे. आणि दुसरा जरा आगाऊ वाटेल. आजोबांनी त्या काळात बैलाच्या पैशातनं हा शेअर घेतला होता, आजीनं चार दिवस अबोला धरला होता असं आई सांगती. का घेतला तर म्हणे "दादांनी मागितला." दादा म्हणजे वसंतदादा पाटील, पुढं मुख्यमंत्री झाले ते. बास, एवढंच कारण. माझा जन्म दादा गेल्यानंतरचा. शाळेत जयंतीला फोटोला हार घालायचो, मार्केट यार्डाला नाव त्यांचं, साखरेच्या संस्थेला नाव त्यांचं, आणि निवडणूक आली की नातवांच्या बॅनरवर कोपऱ्यात फोटो. पण एक सातवी शिकलेला माणूस मागतो आणि दुसरा बैल विकून देतो हे कसं काय होतं हे मला खरंच कळत नाही. जुन्या लोकांनी सांगा जरा. विकिपीडिया वाचलाय, ते नको.

मिरजवाली_काकू
अहो आधी तो दाखला उन्हात ठेवू नका. सावलीत, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि वर जाड पुस्तक. पुरातली आमची सगळी कागदपत्रं मी अशीच वाचवली. लॅमिनेशन तर मुळीच करू नका.
दादांचं म्हणाल तर मला त्यांचं भाषण आठवत नाही, ते गेले तो दिवस आठवतो. १ मार्च १९८९. मी नवीनच नोकरीला लागले होते. बातमी आली आणि शाळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सांगलीकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, टपावर माणसं. माझ्या शेजारी एक म्हातारी होती नऊवारीतली, तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कुठं निघालात म्हटलं तर म्हणाली, "घरचं माणूस गेलंय, किती वेळ लागंल म्हाईत न्हाई." मी तशी राजकारणाला नाक मुरडणारी, पण ते वाक्य विसरले नाही.

पेठेतला_जुना
गड्या तू "सातवी शिकलेला" म्हणालास तिथनंच सुरुवात करतो. गाव पद्माळे, आपल्या सांगलीला लागूनच. जन्म १३ नोव्हेंबर १९१७. वर्षभराचे होतायत तोवर प्लेगनं आईवडील दोन्ही गेले, आजीनं वाढवलं. असल्या पोराला शिकायला कोण पाठवणार, सातवी झाली हेच नशीब.
आता तुरुंगाची गोष्ट. सगळे म्हणतात इंग्रजांचा तुरुंग फोडला. अरे सांगली तेव्हा संस्थान होतं, तुरुंग संस्थानचा, राजवाड्याच्या आवारात, भोवती खंदक. बेचाळीसच्या चळवळीत दादांचा गट तारा तोड, रेल्वे अडव, असली कामं करायचा. पकडून आत टाकलं. २४ जुलै १९४३ ला पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून साथीदारांसकट दिवसाढवळ्या तटावरनं उड्या टाकल्या. जुलै महिना म्हणजे विचार करा, खंदकात पाणी, पुढं कृष्णा भरलेली. मागनं गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि परत पकडले गेले. सुटका १९४६ ला.
माझे वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, गणपती पेठेत दुकानाच्या फळीखाली लपून बसलेले. मला सांगायचे की गोळ्यांचा आवाज फटाक्यासारखा नव्हता, ओल्या चादरी धोपटण्यानं बडवल्यासारखा होता. आता तुझ्या आजोबांनी बैल का विकला म्हणतोस. खांद्याला गोळी खाल्लेला माणूस पंधरा वर्षांनी दारात येऊन म्हणतो कारखाना काढू या, तर नाही कोण म्हणणार लगा?

हळदीचा_भाव
जुन्यांनी झकास सांगितलं. एक पुरवणी जोडतो, तेव्हा नुसतं भावनेवर काम भागत नव्हतं. ऊस तेव्हा पण होता पण जायचा गुऱ्हाळाला, गुळाचा भाव पडला की शेतकरी मेला. बाकीची साखर खाजगी मालकांच्या हातात. प्रवरानगरला विखे पाटलांचा सहकारी कारखाना उभा राहिला तो बघून सगळ्या पश्चिम महाराष्ट्राला हुरूप आला. नियम असा की शेतकऱ्यांनी भांडवलाचा काही वाटा आधी उभा करायचा, मग सरकार आपला हिस्सा घालणार आणि वित्त संस्था कर्ज देणार. म्हणजे पहिला पैसा बैलातनंच यायला पाहिजे होता. त्यासाठी गावोगाव फिरून शेअर गोळा केलेत. पुढं हा कारखाना आशियातला सगळ्यात मोठा म्हणून आम्ही लहानपणी छाती फुगवून सांगायचो, माधवनगर रोडनं गेलं की मळीचा वास अर्ध्या मैलावरनं यायचा. पाहुणे नाक धरायचे, आम्ही म्हणायचो हा पैशाचा वास हाय.
वारस नोंदीचं बोलायचं तर कारखान्याच्या शेअर विभागात जाऊन भागधारक यादीत नाव आहे का बघा. मृत्यू दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची संमती लागंल. चुलते किती आहेत? तिथंच खरी गाडी अडकती.

कृष्णाकाठचा_गडी
चुलते तीन, आत्या दोन. अडकली म्हणायची 😄

वाळव्याचा_वाघ
सगळ्यांनी आरत्या ओवाळून झाल्या असतील तर आमच्या तालुक्याचं पण ऐका. सांगली जिल्हा म्हणजे फक्त दादा नव्हं. बापू पण हुते. राजारामबापू पाटील, आमच्या वाळव्याचे नेते. आमच्याकडं अजून पन्नाशी-साठीतली माणसं "तू दादा का बापू" इचारत्यात, मग पाहुणं ठरवत्यात. वारणेवर धरण कुठं बांधायचं यावरनं किती वर्षं गेली, बापू म्हणत्यात खुजगाव, दादा म्हणत्यात चांदोली. १९७२ ला पाटबंधारे खातं दादांकडं आलं आणि शेवटी झालं चांदोली. त्या जलाशयाचं नाव काय तर वसंतसागर! बापूंनी काँग्रेस सोडली, जनता पक्षात गेले, गावोगाव पायी हिंडले. सत्ता असती तर काय केलं असतं कोणास ठाऊक. १७ जानेवारी १९८४ ला गेले पण. दादा तवा मुख्यमंत्री. एका जिल्ह्यात दोन एवढी मोठी माणसं आणि दोघं एकमेकांचे पाय ओढत्यात, ह्येला काय म्हणायचं?

पेठेतला_जुना
वाघोबा, पाय दोघांनीही ओढले, एकट्यानं नाही. पण तुमचं म्हणणं मान्य, या वादात जिल्ह्याची दहा वर्षं गेली.

पुण्यात_अडकलेला
मी जरा वेगळंच सांगतो. मी वाळवा तालुक्यातला, घर कट्टर बापूंचं, आज्ज्यानं मरेपर्यंत दादांना मत दिलं नाही. आणि मी इंजिनिअर झालो इस्लामपूरला बापूंच्या नावाच्या कॉलेजात. ते कॉलेज निघालं कधी? १९८३ ला. का निघालं? कारण १९८३ ला दादा परत मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी बुधगावला दादांच्या संस्थेचं निघालं. म्हणजे दादांच्या निर्णयानं बापूंचं कॉलेज! हे आज्ज्याला सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.
त्याआधी काय होतं बघा. सांगलीत वालचंद, १९४७ पासनंचं, नंबर लागला तर देव पावला. नाही लागला तर मणिपाल, दावणगेरे, बेळगाव, कर्नाटकात जाऊन डोनेशन भरा. शेतकऱ्याचं पोरगं साठ टक्क्याला असलं की त्याचा विषयच संपला. सातवी झालेल्या माणसानं ही दारं उघडली हे मला आजपण भारी वाटतं, माझ्या बॅचमधले निम्मे पहिल्यांदाच घरातनं बाहेर पडलेले.

जतचा_दुष्काळी
दारं उघडली ती कुणासाठी ते पण लिवा की. माझ्या थोरल्या भावाला एका कॉलेजला घातला, नाव घेत नाही, दोन एकर गेलं फीमध्ये. लॅबमध्ये मशीन एक आणि पोरं साठ. डिग्री झाली तर त्याला मिळाली कसली नोकरी, त्याच कॉलेजात तासावर लेक्चरर! पगार सहा सहा महिने नाही. दादांनी कॉलेज दिली आणि ती ज्यांच्याकडं कारखाना, बँक, दूध संघ आधीच होता त्यांच्याच हातात गेली. शिक्षणसम्राट हा शब्द कुठनं आला मग? कारखाना निदान सभासदांचा असतो कागदावर तरी. कॉलेज कुणाचं? घरच्यांचं.

पुण्यात_अडकलेला
भाऊ तुमचं खोटं नाही. पण निर्णय घेणारा आणि नंतर त्याचं दुकान करणारा यात फरक करायला पाहिजे की नको?

जतचा_दुष्काळी
करू की. पण ज्यानं दार उघडलं त्यानं कडी कुठं लावायची ते पण ठरवायचं असतंय. फी किती घ्यायची, तपासायचं कुणी, काय ठरलंच नव्हतं धड. कोर्टानं ते ठरवायला पुढं किती वर्षं गेली. माझं दादांवर खार नाही. "पाणी अडवा पाणी जिरवा" असं दादा म्हणायचे आणि ते आमच्यासारख्याला कळत होतं, कारण अडवायला पाणीच नव्हतं 😀 कृष्णेचं पाणी म्हैसाळमधनं उचलून आमच्या शिवारात यायचं म्हणजे लग्न झालेल्या माणसाला नातवंडं होईपर्यंतची गोष्ट झाली. आमची आई अजून टँकर आला की घागरीचा नंबर धरल्यासारखी उठून उभी राहती, नळ असून.

मिरजवाली_काकू
जतच्या भाऊ, तुमच्या आईंचं वाचून गलबललं.
मी विनाअनुदानित शाळेत सुरुवातीची सहा वर्षं काढली, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तरी त्याच वर्गातल्या मुली आज डॉक्टर आहेत, त्यातल्या दोघींना कर्नाटकात कुणीच पाठवलं नसतं. मला या निर्णयाबद्दल एका वाक्यात बोलताच येत नाही.

हळदीचा_भाव
धागा कॉलेजावर गेला, राजकारण राहिलंच की. दादांचा मुख्यमंत्रीपदाचा हिशोब बघा, चार वेळा शपथ आणि एकदा पण पूर्ण पाच वर्षं नाहीत. १९७६ ला राजकारणच नको म्हणून सांगलीला परत आले होते, आणि मे १९७७ मध्ये मुख्यमंत्री. १९७८ च्या निवडणुकीत काँग्रेसचे दोन तुकडे झालेले, जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. मग दोन काँग्रेसनी मिळून सरकार केलं, दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलै मध्ये शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. खंजीर हा शब्द तेव्हापासनं महाराष्ट्राच्या राजकारणात रुतून बसलाय, आजपण कुठं पक्ष फुटला की पहिला तोच बाहेर काढतात.

सातारी_कंदी
आम्ही शेजारचे, पण बोलल्याशिवाय राहवेना. तुम्ही सगळा दोष एका बाजूला टाकू नका. ते सरकार मुळातच ओढाताणीचं होतं, तिरपुडे रोज उठून यशवंतराव चव्हाण आणि दादांच्याच गटाला टोचायचे. आणि दादांचा स्वभाव तुम्हीच सांगताय ना, तटावरनं उडी मारणाऱ्याचा. सरकार असं उडी मारून चालत नाही, तिथं यशवंतरावांसारखं कुंपणाच्या कडेकडेनं जावं लागतं. (हो मी कराडचा आहे, आणि हो मी हे म्हणणारच.)

पेठेतला_जुना
कराडकर, यशवंतराव जन्मले आमच्या देवराष्ट्र्यात. ते पण अर्धे आमचेच 😄
पण उडीचं बरोबर बोललात. १९८५ बघा. निवडणूक जिंकून मार्चमध्ये परत शपथ घेतली. राजीव गांधींनी प्रदेशाध्यक्ष म्हणून प्रभा राव यांना नेमलं, दादांना ते पटलं नाही. दुसरा असता तर दिल्लीला चार चकरा मारल्या असत्या, फोटो काढला असता, गप बसला असता. दादांनी जूनच्या सुरुवातीला राजीनामाच देऊन टाकला. तीन महिन्यांत! निलंगेकर मुख्यमंत्री झाले. दादांना राजस्थानचे राज्यपाल करून पाठवलं. वाळवंटात पद्माळ्याचा माणूस, काय करत असतील तिथं देव जाणे. १९८७ ला आले परत.

मिरजवाली_काकू
राजीनामा बाणेदार होता हे मान्य. पण बाणेदारपणाची किंमत माणूस एकटा मोजत नाही ना. मागे जे आमदार, कार्यकर्ते, चालू कामं, त्यांचं काय? आणि १९८४ ची भिवंडीची दंगल त्यांच्याच काळातली, ती या धाग्यात अजून कुणी काढली नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव आहे असं ते विधान पण. १९८५ ला महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना केलं आणि त्याचा फायदा कुणाला झाला, तर शिवसेनेला. आपल्या माणसावर प्रेम असलं तरी हे लिहायला पाहिजे.

हळदीचा_भाव
काकू शंभर टक्के. ते विधान मुद्दाम सेनेला मदत म्हणून केलं असं निम्मी सांगली म्हणती आणि बोलण्याच्या ओघात गेलं असं उरलेली निम्मी. यार्डात यावर आजपण चहा संपतो.

वाळव्याचा_वाघ
आणि घराण्याचं? कारखान्याचं काय झालं ते सांगा की. आशियातला मोठा म्हणता आणि २०१७ ला भाड्यानं चालवायला द्यायची येळ आली. ज्या सभासदांनी बैल विकले त्यांचं काय? हा प्रश्न मी बापूंचा माणूस म्हणून नाही, ऊसवाला म्हणून इचारतोय.

जतचा_दुष्काळी
+१. एका कारखान्याकडं (हा नव्हे, दुसरा, नाव नको) माझ्या मेव्हण्याचं दोन हंगामाचं बिल अडकलेलं. शेवटी साखर घेऊन जा म्हणाले. साखर काय पोरांच्या फीमध्ये भरू?

कृष्णाकाठचा_गडी
घराण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. २०२४ ला लोकसभेला मी विशाल पाटलांना मत दिलं, लिफाफा चिन्हाला. अपक्ष. सांगलीची जागा काँग्रेसला सुटली नाही म्हणून गावागावात जो राग होता तो दादांच्या नावानं नव्हता, किमान माझ्या वयाच्या पोरांचा तरी नव्हता, आम्ही दादांना बघितलंय कुठं. राग होता आम्हाला न विचारता मुंबईत बसून ठरवल्याचा. पण मतदानाला जाताना आईनं सांगितलं "दादांच्या नातवाला दे." मग लाखभरानं निवडून आले त्यात आईची मतं किती आणि माझी किती कोण जाणे. आणि हेच विशाल पाटील २०१९ ला हरले होते, प्रतीक पाटील २०१४ ला हरले होते, तेव्हा पण दादांचा फोटो बॅनरवर होताच की. म्हणजे नुसत्या फोटोवर चालत नाही.

पुण्यात_अडकलेला
मुद्द्याचं बोललात.

पेठेतला_जुना
पोरा तू विचारलंस कसं काय होतं म्हणून. मला वाटतं तेव्हा मागणारा आणि देणारा एकाच बाजाराला जात होते, एकाच एसटीनं. दादांचं बोलणं शेवटपर्यंत पद्माळ्याचंच राहिलं, मुंबईचे पत्रकार हसायचे, फायलीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते सचिवाला विचारून घ्यायचे आणि विचारायची लाज नव्हती. मंत्रालयात धोतरवाला आत गेला तर त्याला कुणी हटकायचं नाही असं आमच्या गल्लीतले जाऊन आलेले सांगायचे. त्यात थोडी भर घातली असेल, पण भर घालावी वाटत होती ना. आज कुठल्या नेत्याबद्दल लोक फुकट भर घालतात? आता त्यासाठी पगारी माणसं ठेवतात.

सातारी_कंदी
हे शेवटचं स्क्रीनशॉट काढून ठेवलं 😂

कृष्णाकाठचा_गडी
अपडेट. आज शेअर विभागात जाऊन आलो. यादीत आजोबांचं नाव सापडलं, फक्त आडनावात काना जास्त आहे, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. खिडकीवरच्या माणसानं दाखला दोन बोटांत धरून उजेडाकडं केला आणि शेजारच्याला दाखवला, "जुना हाय रे." बास एवढंच. पाच वारसांच्या सह्या आणायच्यात, धाकटा चुलता आमच्याशी बांधावरनं बोलत नाही २०११ पासनं.
संध्याकाळी आईला विचारलं काय करू, नोंद करू का तसाच ठेवू. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "दिवाळीला ह्याच्यावर साखर मिळायची स्वस्तात. तुझा आजा पोतं आणायचा नि पाच घरात वाटायचा, धाकट्याच्या घरी पहिल्यांदा." मग दाखला मागून घेतला, हात पदराला पुसले आणि जुन्या पंचांगात घालून ठेवला.
उद्या सकाळी चुलत्याकडं जाऊन येतो. बघू सही देतोय का.

हळदीचा_भाव
जाताना भडंग घेऊन जा अर्धा किलो. रिकाम्या हातानं जाऊ नको.